खोक्याचे कपाट आणि त्याचा हिशेब

आमच्या घरात एक स्टूल आहे. उंची सोळा इंच, बैठक साडेतेरा इंच चौरस, पाय चार आणि त्यांतला एक इतर तिघांपेक्षा वेगळ्या लाकडाचा. स्टूल पालथे घातले की बैठकीच्या खालच्या बाजूला काळ्या रंगात छापलेली इंग्रजी अक्षरे दिसतात. ‘नेट’ हा शब्द पूर्ण आहे, त्यापुढचा आकडा करवतीने मधोमध कापला गेला आहे आणि त्याखाली ‘टेअर’ची पुसट खूण आहे. नेट म्हणजे मालाचे निव्वळ वजन, टेअर म्हणजे रिकाम्या खोक्याचे. वडिलांनी हे स्टूल १९८० साली शीवच्या आमच्या चाळीत, खोलीसमोरच्या गॅलरीत बसून बनवले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि करवत चालताना फळीचे दुसरे टोक दाबून धरण्याचे काम माझ्याकडे होते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. बी.कॉम. झालो आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. पण गेली दहा-बारा वर्षे मला एक खोड लागली आहे. ओळखीच्यांच्या आणि त्यांच्या ओळखीच्यांच्या घरी गेलो की मी परवानगी घेऊन जुन्या फर्निचरची खालची आणि मागची बाजू पाहतो. सुरुवातीला लोकांना वाटे, मी ढेकूण शोधतो आहे. (ढेकणांकडे पुढे यायचेच आहे.) घरी केलेल्या वस्तूची पुढची बाजू रंगवलेली, पॉलिश केलेली किंवा सनमायकाने झाकलेली असते. मागच्या बाजूला कोणी रंग वाया घालवत नाही. त्यामुळे लाकूड कुठून आले, ते आधी काय होते, कोणत्या अवजाराने कापले, हे तिथे उघडे राहते. या विषयावर कागदोपत्री फारसे काही सापडत नाही. दुकानांचे कॅटलॉग मिळतात, जाहिराती मिळतात. ज्याने काही विकलेच नाही त्याचा कॅटलॉग कुठून मिळणार?

आधी थोडे खोल्यांविषयी. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये गिरणी व इतर कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली निघाला. पाहणीतल्या कुटुंबांपैकी शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. इतर चाळींत १० बाय १२ हे माप इतके रुळलेले होते की लोक ते घराच्या नावासारखे उच्चारत. एवढ्यात सहा-सात माणसे, मोरी, चूल, देवघर आणि गावाहून कामाच्या शोधात आलेला एखादा भाचा. अशा खोलीत फर्निचर घालायचे म्हणजे माणसांची जागा कापूनच घालायचे. म्हणून खाटेचे पाय विटांवर चढले आणि खाटेखाली ट्रंका, कांदे-बटाटे व रात्री पोरे झोपू लागली. भिंतीवर फळी, फळीखाली खुंट्या, दारावर माळा. घडवंचीवर दिवसा अंथरुणांची चवड, पाहुणे आले की तीच बाक.

यांतले काही बाजारात तयार मिळत नसे, कारण प्रत्येक खोलीचा कोपरा निराळा. गावात हा प्रश्न नव्हता. बारा बलुतेदारांत सुतार होता. नांगर, पाळणा, पाट, दाराची चौकट तो करून देई आणि सुगीत धान्य घेई. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईत आलेल्या माणसाचे हे नाते एस.टी. स्टँडवरच सुटले. इथला मिस्त्री रोजावर येणारा. त्याचा रोज, सागवानाचा घनफुटाचा भाव आणि पॉलिशवाल्याचे वेगळे पैसे, हे सगळे मिळून एका कपाटाची किंमत पगाराच्या जवळ जाई. मग माणूस स्वतःच करवत घेई.

लाकूड मात्र मुंबईत मुबलक होते, फक्त ते लाकूड म्हणून आलेले नसे. प्रिन्सेस डॉक १८८०चा, व्हिक्टोरिया १८८८चा, अलेक्झांड्रा १९१४चा. तिथे उतरणारी यंत्रे, काचसामान, रसायने लाकडी खोक्यांत भरून येत. माल बाहेर पडला की खोके रिकामे. त्या फिकट, हलक्या लाकडाला मुंबईत सर्रास ‘देवदार’ म्हणत. खरा देवदार हिमालयातला, तेलकट, सुवासिक, किड्याला दाद न देणारा. खोक्यांचे लाकूड बहुधा परदेशी पाइन किंवा फर असे आणि किडा त्यावर प्रेम करी. तरी ‘देवदारी टेबल’ म्हटले की आमच्या पिढीला लगेच कळते ते काय होते: खिळ्यांची भोके, गाठींचे तपकिरी डोळे आणि पावसाळ्यात अडकणारे खण. (‘खोके’ या शब्दाला मुंबईत पुढे एक कोटीचा अर्थ चिकटला, ‘पेटी’ला एक लाखाचा. माझ्या लेखातली खोकी पाच रुपयांच्या आतली आहेत.)

दुसरा प्रकार चहाच्या खोक्यांचा. वीस इंच लांब, वीस रुंद, चोवीस उंच अशा मापाचे, प्लायवुडचे. आत कोपऱ्यांना लाकडी पट्ट्या, बाहेरून कडांना पत्रा आणि आतून चंदेरी वर्ख. सुटा चहा विकणाऱ्या दुकानात ते दारातच उभे असे. त्याचे प्लाय जेमतेम दीड सुताचे. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आजही मिस्त्री मिलिमीटर सांगत नाही, सूत सांगतो.) एवढ्या पातळ प्लायवर बसता येत नाही, पण दार होते, पाठ होते, खणाचा तळ होतो. म्हणून सांगाडा देवदाराचा आणि अंग चहाच्या खोक्याचे, ही जोडी ठरून गेली. मी पाहिलेल्या बहुतेक घरगुती कपाटांत ती तशीच आहे, मग घर लालबागचे असो की गिरगावचे.

शीवला या व्यवहाराची सोय होती. शीव म्हणजे सीमाच. मुंबई बेट इथे संपे, म्हणून तर सतराव्या शतकात इंग्रजांनी टेकडीवर किल्ला बांधला. पश्चिमेला धारावी आणि पुढे कुर्ला, जिथे डबे, पिंपे, खोकी, गोणपाट यांचा जुना व्यापार. आग्नेयेला वडाळा आणि गोदीचे रेल्वेरूळ. ठाण्याकडे आणि चेंबूर-तुर्भ्याकडे जाणाऱ्या ट्रकांची वर्दळ चौकातून. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांना शीव-कोळीवाड्याच्या लष्करी बराकींत जागा मिळाली, तीही माणसे रिकाम्या हातांनी आलेली. टाकलेल्या लाकडाला गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी होते.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. साचा म्हणजे माग. तो सुरळीत चालवण्यासाठी लागणारी नजर, म्हणजे काटकोन, ताण, सैलपणा ओळखणे, ही सुतारकामाच्या फार जवळची. शिवाय साच्याचे कितीतरी भाग लाकडाचे: धोटा, बॉबिन, आणि धोट्याला फटका मारणारी पिकिंग स्टिक. ती अस्सल चिवट लाकडाची, दिवसाला हजारो फटके मारून टोकाशी झिजली की भंगारात जाई. आमच्या स्टुलाचा वेगळा पाय म्हणजे अशीच एक पिकिंग स्टिक. गेटपास घेऊन आणलेली, हे वडील दरवेळी मुद्दाम सांगत. मी तो गेटपास पाहिलेला नाही. लालबागच्या एका घरात बॉबिनी ओवून केलेला चपलांचा रॅक पाहिला, तर परळला कापडाच्या गाठींना बांधायच्या लोखंडी पट्ट्या कपाटाच्या कोपऱ्यांवर ठोकलेल्या. कोण कोणत्या खात्यात होता, हे कधीकधी नुसत्या फर्निचरवरून सांगता येते. ज्याच्या घरात गाठीची पट्टी, तो पॅकिंगवाला.

वडिलांची एक वही आहे. त्यात १९७४ सालच्या मे महिन्यात असा हिशेब आहे: खोकी ६, दर ४ रुपये, २४, हातगाडी ३, चुका अर्धा किलो २.५०; बिजागऱ्या ४, ३ रुपये; फेविकॉल ४; पॉलिश पेपर ०.५०. एकूण ३७. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘२७५’ लिहून खोडले आहे. ही दुकानातल्या कपाटाची किंमत असणार. हिशेबनीस म्हणून मला या पानाचे फार कौतुक वाटे. दोनशे अडतीस रुपये वाचले!

फेविकॉलची ती चार रुपयांची नोंद महत्त्वाची आहे. हा डिंक १९५९मध्ये बाजारात आला. त्याआधी सरस होता, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला. तो पाण्यात भिजवून, दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर वितळवून, गरम असतानाच लावायचा. वास असा की १० बाय १२च्या खोलीत शेजारीही दार लावून घेत. शिवाय पावसाळ्यात सांधे सुटत. थंड, पांढरा, डब्यातून थेट लावता येणारा डिंक आल्यावर कारखान्यातून थकून आलेला माणूस रात्री जेवणानंतर तासभर काम करू शकला. कौशल्याचे खाच-सांधे ज्याला जमत नाहीत त्यानेही दोन फळ्या चिकटवून, वर चार चुका ठोकून, रात्रभर वरवंट्याखाली दाबून ठेवल्या तरी सांधा धरे. माझ्या पाहण्यातले घरगुती फर्निचर साठ-सत्तरच्या दशकांतलेच अधिक आहे. त्यामागे डिंकाचा हात मोठा असावा असे माझे मत आहे.

कपाट कसे केले तेही नोंदवतो, कारण असे करणारी माणसे आता थोडी उरली आहेत. खोके फोडताना हातोडी थेट फळीवर मारायची नाही, फळी फुटते. आतून लाकडाचा ठोकळा लावून त्यावर मारायचे, खिळा दोन सूत वर आला की पक्कडीने काढायचा. काढलेले खिळे फरशीवर आडवे ठेवून सरळ करायचे. ते काम मुलांचे. चहाच्या खोक्याचा कडेचा पत्रा धारदार असतो, म्हणून गोणपाट गुंडाळून सोलायचा. देवदाराच्या पट्ट्यांची चौकट करताना गुण्या नसेल तर वहीचा कोपरा चालतो, पण कर्ण मोजायचेच: दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात. पाठीचे प्लाय सर्वांत आधी ठोकायचे, कारण तेच सांगाड्याला डुलू देत नाही. दार शेवटी, आणि चौकटीपेक्षा एक सूत कमी. पावसाळ्यात लाकूड फुगते, हे न विसरण्यासाठी वडिलांनी वहीत दोनदा लिहिले आहे.

डिझाइनच्या इतिहासात या प्रकाराला मान आहे, फक्त तो दुसऱ्यांच्या नावावर. अमेरिकेत लुइझ ब्रिगम या बाईंनी १९०९ साली खोक्यांपासून करायच्या शंभर वस्तूंचे पुस्तक लिहिले. त्यांचे प्रयोग स्पिट्सबर्गन या उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावर, कोळशाच्या खाणीच्या वसाहतीत सुरू झाले, जिथे खोक्यांखेरीज लाकूड नव्हते. हॉलंडच्या गेरिट रीटफेल्टने १९३४मध्ये पॅकिंगच्या लाकडाची खुर्ची केली. आणि इटलीत एन्झो मारी याने नुसत्या फळ्या आणि खिळ्यांनी करायच्या टेबल-खुर्च्यांचे आराखडे काढले. टपाल तिकिटे पाठवणाऱ्या कोणालाही तो ते धाडत असे. स्वतः बनवले की माणसाला वस्तूतले बरेवाईट कळू लागते, असा त्याचा विचार. ते साल १९७४. वडिलांच्या वहीचेच.

आपल्याकडे १९३७ साली याच विषयाची दोन टोके दिसतात. ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण ही गांधीजींची कल्पना पुढे आली. त्याच वर्षी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले, आधुनिक घर कसे असावे हे दाखवणारे. चाळीतला माणूस यांपैकी कुठेही नव्हता. त्याला करवतीतून शिक्षण नको होते, पोराची पुस्तके उंदरांपासून वाचवायची होती.

इथपर्यंतचा लेख मी तीनेक वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता आणि मला तो बरा वाटत होता. मग तो आईला वाचून दाखवला. ती ऐंशी पार आहे. हिशेबाच्या पानापर्यंत तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “रॉकेल कुठं लिहिलंय?”

मला कळेना. “ढेकणांचं रॉकेल,” ती म्हणाली. “दर रविवारी त्या कपाटाच्या फटीफटींत मी रॉकेल सोडायची. खाटेवर उकळतं पाणी. रेशनचं रॉकेल ते, स्टोव्हचं. तुझ्या बाबांना हौस होती बनवायची. मला दुकानातलं कपाट पाहिजे होतं.”

त्यानंतर मी पुन्हा बऱ्याच घरी गेलो आणि या वेळी बायकांशी बोललो. सगळीकडे तेच निघाले. खोक्याच्या लाकडात प्रत्येक जुने भोक, प्रत्येक न जुळलेला सांधा ही ढेकणांची जागा. सुताराने बसवलेल्या घट्ट सांध्यात फट कमी; हौशी माणसाच्या कामात फटीच फटी. आतून खळीने वर्तमानपत्रे चिकटवायची, ती दर दिवाळीला खरवडून नवी लावायची. प्लायचे तुसे निघून साड्यांना अडकत, म्हणून खणांवर जुने लुगडे अंथरायचे. दारावरची इंग्रजी अक्षरे दिसू नयेत म्हणून त्यावर कॅलेंडर. आमच्या कपाटाच्या दारावर वर्षानुवर्षे लक्ष्मी होती ती भक्तीपेक्षा या कारणाने, हे मला पन्नाशीत कळले. माझ्या धाकट्या मावशीचे स्थळ ठरवायला पाहुणे आमच्या खोलीत आले, तेव्हा आईने शेजारच्यांच्या खोलीत बैठक मांडली होती. त्यांच्याकडे लोखंडी कपाट होते.

लोखंडी कपाटाची मुंबईतली प्रतिष्ठा मी आजवर चोरांच्या भीतीशी जोडत होतो. गोदरेजची पोलादी कपाटे १९२३पासूनची. किर्लोस्करवाडीलाही लोखंडी फर्निचर निघत असे. तिजोरीशी असलेले नाते उघड आहे. पण दहातल्या नऊ बायकांनी मला पहिले कारण सांगितले ते ढेकणांचे. पत्र्यात ढेकूण घर करत नाही. म्हणजे वहीतला २७५ विरुद्ध ३७ हा हिशेब अपुरा होता. वाचलेल्या पैशांतला मोठा भाग रविवारच्या सकाळींच्या रूपाने फेडला जात होता, आणि वहीत रविवारचा रकाना नव्हता. हिशेबनिसाने हे चुकवावे याची मला लाज वाटली. लेख बाजूला ठेवला, आणि आता पुन्हा लिहितो आहे तो त्या रकान्यासह.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील घरी बसले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. दोन-तीन महिने गेल्यावर शेजारच्या एकाने त्यांच्याकडून भिंतीला लावायची घडीची फळी करून घेतली, मुलाच्या दहावीच्या अभ्यासासाठी. फळीला खाली दोन तिरके हात, अभ्यास झाला की हात मिटायचे, फळी भिंतीला लोंबते. त्याने पंधरा रुपये हातावर ठेवले. वडिलांनी ते घेतले. मग आणखी फळ्या, दोन मांडण्या, एक पाळणा. त्या दीड-दोन वर्षांत आमच्या चाळीत आणि मागच्या चाळीत त्यांनी किती वस्तू केल्या ते वहीत नाही. वही मार्च ८२मध्ये थांबते. आई शिलाईचे काम घेत होती, हे आठवते. आणि एक गोष्ट आठवते: स्वतःच्या घरासाठी त्यांनी त्यानंतर काही बनवले नाही. करवत घरात असे, पण ती आता कामाची करवत होती. साच्यांवर ते परत कधी गेले नाहीत.

घरगुती फर्निचरच्या घडणीत आणखी एक गोष्ट मला प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात दिसली. मोडकळीला आलेल्या उपकरप्राप्त इमारतींतली कुटुंबे शहराच्या अनेक भागांतून इथे आणली गेली. थोड्या काळासाठी म्हणून आलेले लोक वीस-वीस वर्षे राहिले, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहे. तिथल्या एका आजोबांकडे गिरगावातून आणलेले पुस्तकांचे कपाट होते. त्यात एकही खिळा नव्हता. फळ्या खाचेत सरकवलेल्या, बाजूंनी पाचरी ठोकलेल्या. पाचर काढली की दहा मिनिटांत कपाट फळ्यांच्या गठ्ठ्यात बदलते. “इमारत कधी रिकामी करायला सांगतील सांगता येत नव्हतं,” ते म्हणाले. “म्हणून असंच बनवलं.” इथे आल्यावर त्यांनी ते जोडले, पण पाचरी पक्क्या ठोकल्या नाहीत. मी पाहिले तेव्हाही त्या बोटाने हलत होत्या.

गोदीतली खोकी पुढे कमी झाली. माल कंटेनरमधून येऊ लागला, १९८९मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, चहा कागदी थैल्यांत गेला. लाकूड मात्र संपले नाही, त्याने रूप बदलले. कंटेनरमधल्या मालाखाली असते ते पॅलेट, म्हणजे फळ्यांची जाळी. हल्ली तरुण मुले त्याचे सोफे आणि बेड करतात, वर कुंड्या ठेवतात, छान दिसते. त्यांना एवढेच सांगतो की पॅलेटवरचा शिक्का वाचा. २००२पासूनच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यावर गव्हाच्या ओंबीची खूण, देशाची अक्षरे आणि प्रक्रियेची अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने किडा मारलेला; हे घरात चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने. हे घरात आणू नये. शिक्काच नसेल तर मीही घेणार नाही. आणि रंधा मारण्यापूर्वी शिक्क्याचा फोटो काढून ठेवा.

आमची चाळ २०११मध्ये पुनर्विकासाला गेली. वडील त्याआधी तेरा वर्षे गेले होते. कपाट उचलले तेव्हा पाठीचे प्लाय हातात आले. भंगारवाला म्हणाला, लाकडाचे काही नाही, बिजागऱ्यांचे दहा रुपये देतो. मी दहा रुपये घेतले. तेव्हा माझी खोड सुरू व्हायची होती. दाराच्या आतल्या बाजूला काय छापले होते ते मी पाहिलेही नाही. टेम्पो गेल्यावर आई खाली उतरली नाही, की काही बोलली नाही.

स्टूल तेवढे वाचले, कारण ते पंख्याच्या मिस्त्रीला उभे राहायला दिले होते आणि पॅकिंगच्या दिवशी शेजारीच राहिले. आता ते नव्या घराच्या खिडकीत आहे. आई त्यावर बसत नाही. तुळशीची कुंडी ठेवते. कुंडीचे पाणी झिरपून बैठकीचे वरचे प्लाय एका कोपऱ्यात सुटू लागले आहे, तेव्हा मागच्या महिन्यात मी थोडे फेविकॉल भरून त्यावर वरवंटा ठेवला. आईने तो सकाळी चटणीसाठी उचलून नेला.